उपरण्यांचे गठ्ठे

आखातात लढाई सुरू झाली आणि आमच्या दारात येणारा टेम्पो बंद झाला. तो टॉवेलांचे गठ्ठे टाकून जायचा, मी त्यांच्या कडा शिवून द्यायचे. आमचे हे चिंचोळीच्या कारखान्यात टॉवेल विणायचे, तो मागही थांबला. माल तिकडंच जायचा, आता जहाजंच निघत नाहीत म्हणे. कारखान्याचे मालक म्हणाले, मतदान होऊ दे, मग बघू. यांनी पुण्यात वॉचमनची नोकरी विचारून ठेवली. हे गेले तर घरात मी आणि सासूबाईच. मला तर बाजारात भाव विचारतानाही तोंडातून शब्द फुटत नाही.

मध्येच एकदा टेम्पो आला. गठ्ठा उघडून बघितला तर आत निवडणुकीची उपरणी, दोन्ही पक्षांची. सवयीनं मी टॉवेलासारख्या चारी कडा दुमडायला लागले. शेजारची तेलुगू वहिनी हसायला लागली.

"अक्का, दोन टोकं बास की! पुढारी काय आंघोळ करून अंग पुसणार हाय व्हय यानं?"

मीही हसले. मग तीच म्हणाली, "मतदान झालं की हे पण बंद बघ."

दर निवडणुकीला हे आदल्या दिवशी चिन्ह सांगायचे. यंदा काही बोललेच नाहीत. भाकरी वाढताना मीच विचारलं, "कुठलं दाबायचं?"

"तुझं तू बघ की."

यांनाच कळेना, तर मला काय कळणार?

एका पक्षाची माणसं सांगत होती, जगात लढाया पेटल्यात, खंबीर माणूस पाहिजे. दुसरी म्हणत होती, माग बंद, गॅस महाग, आता सरकार बदला. मतदानाच्या मशीनवर दोन्ही चिन्हं होती, माझ्या सुईखालून गेलेली. मी बदला म्हणणाऱ्यांचं बटण दाबलं. माग कसे चालू करणार, हे त्यांनीही सांगितलं नव्हतं.

परत येताना हे म्हणाले, "मी खंबीरवाल्यालाच दिलं. त्याचं बाहेरच्या देशांत वजन हाय. जहाजं सुटली तर पुण्याला जायला नको. तू?"

मी शाईचं बोट पदरात घेतलं. हे घरी राहावेत म्हणूनच मीही बटण दाबलं होतं, पण दुसरं. ते सांगायचा धीर झाला नाही.

यांची पिशवी दारामागं भरून ठेवलेली आहे. गल्लीत टेम्पोचा आवाज आला की आम्ही दोघंही दाराकडं बघतो. तो पुढं निघून जातो.