कोळशाच्या मोटारीतला शेवटचा प्रवासी

भूतबित मी मानत नाही. आयुष्यभर ड्रायव्हरकी केलेला माणूस. गाडी अडली की बॉनेट उघडायचं, अंगारा लावत बसायचं नाही, एवढी अक्कल मला आहे. तरी हे सांगतो. हसायचं तर खुशाल हसा.

पन्नास सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. चांदा ते मूल एका मालकाची मोटार मी चालवायचो. ती चालायची लाकडी कोळशाच्या गॅसवर. मागे लोखंडी भट्टी, आणि ती पेटवायला, फुंकायला सोमाभाऊ. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, अंगानं पैलवान.

चिचपल्लीच्या पुढे जंगलात एक लांब चढाव होता. भरली गाडी तिथं दम टाकायची. मग प्रवासी उतरायचे, सोमाभाऊ मागून रेटायचा, आणि वर पोचलो की मी सगळ्यांसाठी थांबायचो. सगळे बसले की शेवटी तो मागच्या पायरीवर चढायचा. त्याच्या वजनानं गाडी उजवीकडे झुकली की मी समजायचो, झालं, निघा आता!

मग मालकानं डिझेलची गाडी आणली. मी खूश. सोमाभाऊ मात्र भडकला.

"मायी भट्टी कोनाचे कपडे काळे करते का? अन् हे डिझेल पाय... बजारभर धूर ओकून राह्यलं!"

"तुयी भट्टी गेली आता, भाऊ. तू भी घरी जाय," मी म्हणालो. चार लोकांसमोर म्हणालो.

त्यानं गमछा खांद्यावर टाकला आणि खरंच गावी गेला. आठव्या दिवशी निरोप आला — तापानं वारला.

मला बायको-पोर कोणी नव्हतं. रोज आम्ही दोघं एकत्र जेवायचो. आता खोलीवर एकट्यापुरता भात शिजवायचो, तोही उरायचा. 'भाऊ, चुकलो' एवढंच म्हणायचं राहिलं होतं... आणि ऐकायला माणूस नव्हता. जीव नुसता जळायचा.

महिन्याभरानं जुन्या गाडीला मूलला गिऱ्हाईक मिळालं. पोचवायला मी एकटा. भर दुपार, गाडी रिकामी. भट्टी मीच पेटवली होती, ती काही धड जमली नाही. चढावाच्या मध्यावर इंजिन खोकलं आणि गाडी मागे घसरायला लागली. मी ब्रेक दाबून धरला... तोच मागून धक्का बसला. ब्रेक सोडला, तर गाडी वर निघाली! कोणी छाती लावून रेटावं तशी.

वर पोचून सवयीनं थांबलो. मागची पायरी करकरली. गाडी उजवीकडे झुकली.

अरे देवा! अंगावर सर्रकन काटा आला. मागे वळून बघायची छाती झाली नाही. तशी झुकलेली गाडी हाकत राहिलो. मूलच्या अलीकडे सोमाभाऊच्या गावाचा फाटा लागला, तिथं पाय आपोआप ब्रेकवर गेला. आणि गाडी हळूच सरळ झाली.

माझा डॉक्टर भाचा म्हणतो, "मामा, कोळशाचा गॅस डोक्यात गेला असंल तुमच्या." गेला असेल. पण चढावावर गाडी रेटली कोणी?

मला खातं ते वेगळंच. इतके मैल तो माझ्या मागे बसून आला, आणि मी भेकडासारखा स्टिअरिंग धरून गप्प! गाडी सरळ झाल्यावर मग खाली उडी मारली, गळा फाडून ओरडलो, "सोमाभाऊ, चुकलो रे मी!"

फाट्यावर कोणीच नव्हतं.