खारट विहिरींची यादी आणि काकांची हार्ड डिस्क

अख्ख्या वसई तालुक्यात विजेचा स्वभाव ओळखणारा माणूस एकच, माझ्या मित्राचे वडील, म्हणजे आमचे काका. बाकी आपण सगळे तिच्या थापांवर जगतो. काका आखातातली नोकरी संपवून होळीच्या वाडीत परतले ते कॉम्प्युटर घेऊन. इतरांनी टेपरेकॉर्डर आणले, यांनी हे धूड आणलं आणि उरलेलं आयुष्य त्याच्या चाकरीत घालवायचं ठरवलं. त्याच्या पोटात हार्ड डिस्क नावाची तबकडी गरगर फिरते, तिच्यावर केसभर अंतर राखून एक सुई तरंगते, वीज अचानक गेली की सुई आपटते आणि लिहिलेलं खरवडून निघतं. हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलंय की मोर्चात घोषणा विसरलो तर हेच तोंडून निघेल. चहाला उठतानासुद्धा ते आधी सुई कडेला नेण्याचा हुकूम टाईप करत. "गाय मोकळी सोडून कोणी जेवायला बसतं का रे?" दिवाणखान्यात ट्रकच्या दोन बॅटऱ्या आणि घरीच जुळवलेला इन्व्हर्टर. काकी म्हणायच्या, "उद्या पाहुणे आले की बसवते त्यांना बॅटरीवर!"

काकांचा खरा वैरी म्हणजे शेजाऱ्यांचे पंप. केळीला पाणी चुकू नये म्हणून प्रत्येक जण पंपाचं बटण चालूच ठेवून जाई. वीज आली की वाडीभरचे पंप एकदम सुरू होत आणि त्या ओढीने वीज पुन्हा जाई. काका दारोदार विनवत, "पाळीपाळीने लावा रे!" त्यावर एक शेतकरी म्हणाला, "तुमच्या यंत्राला केळी लागतात का?"

तेव्हा टँकरवाले आमचं गोडं पाणी राजरोस उपसून नेत होते आणि विहिरी खारट होत होत्या. ही उघड लूट होती, आणि पुरावा म्हणून कुठली विहीर कधी बिघडली याची यादी काका महिनाभर टाईप करत होते. ती तहसीलदारांपुढे ठेवायचा दिवस ठरला होता. मी मात्र आदल्या दुपारी वीजकचेरीवर मोर्चा नेला आणि लाउडस्पीकरसाठी काकांच्या दोन्ही बॅटऱ्या उचलल्या.

"काका, जनतेचं काम आहे."

"आणि यादी काय माझ्या सासऱ्याची आहे?" म्हणाले, पण दिल्या.

मोर्चा जिंकला. सकाळपासून गेलेली वीज आली. मी विजयाच्या तोऱ्यात काकांकडे पोचलो, तर कॉम्प्युटर बंद आणि काका खिडकीला कान लावून उभे.

"वीज आली, काका! छापा यादी!"

"थांब पुढारी. पंप ऐक."

थांबणं मला कधी जमलंच नाही. मी कॉम्प्युटरचं बटण दाबलं.

"हात काढ!" काका ओरडले. दिवा पिवळा पडला, विझला, आणि यंत्राच्या पोटातून खर्रर्र असा आवाज आला.

बॅटऱ्या परत आणून जोडल्या तेव्हा पडद्यावर यादी उमटलीच नाही. मी तोंड लपवायला जागा शोधत होतो. काकींनी पाण्याचा पेला आणून दिला. काका रागावले नाहीत. त्यांनी माझ्या हातात वही दिली, डोळे मिटले आणि पाऊलवाटेने चालत गेल्यासारखी एकेक विहीर सांगू लागले. चिंचेखालची. चर्चमागची. दोघा भावांच्या सामाईक कुंपणातली. कुठलं पाणी कधी फिरलं, सगळं तोंडपाठ.

शेवटी ते थांबले. मी वही मिटू लागलो.

"अजून एक लिही. माझी."

"तुमची? कधीपासून?"

काकी दारात उभ्या होत्या. मला दिलेला पाण्याचा पेला त्यांनी शेजारून आणला होता, हे मला तेव्हा कळलं.

"लिही," काका हळूच म्हणाले. "गोडी होती, असं लिही."