चौकीतला तिसरा दिवस

कान्होजी मोहित्यानं जन्मात कुणाचा सुतळीचा तोडा चोरला नाही, तरी ग्वाल्हेरच्या अख्ख्या लष्कर भागात त्याची ओळख काय? तर ‘गालिचा-चोर’. लोकांच्या जिभेला हाड नसतं हेच खरं. पणजोबा दख्खनेतून फौजेबरोबर घोड्यावर बसून आले. पणतवाच्या वाट्याला घोडा नाही, फराशखाना आला, म्हणजे संस्थानचे तंबू, कनाती, गालिचे सांभाळणारं खातं.

त्या खात्याची एक रीत होती. सरदाराच्या घरी लग्न निघालं की कारभारी यायचा, ‘मोठा गालिचा पाठवा’ म्हणायचा आणि चार माणसं तो उचलून न्यायची. कागद नाही, सही नाही. सरदाराकडून पावती मागायची? कान्होजीच्या बापाच्या कानावर गेलं असतं तर त्यानं पोराला उभं जाळलं असतं. शब्दावर गेलेली वस्तू शब्दावर परत यायची.

अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झालं. नव्या मध्यभारत सरकारचा साहेब यादी घेऊन आला आणि म्हणाला, मोठा गालिचा कहाँ है? कान्होजीनं सरदाराचं नाव सांगितलं. हवेलीतून निरोप आला, आमच्याकडे काही नाही. झालं! त्या एका निरोपावर कान्होजी दीड वर्ष आत गेला. तो सुटल्यावर सहा महिन्यांनी तोच गालिचा त्याच हवेलीच्या माळ्यावर सापडला, उंदरांनी कुरतडलेला. सरदार हसून म्हणाले म्हणे, ‘अरे, हा इथंच होता की!’ हसले! एका माणसाची माती केली आणि वर हसले. सरकारनं निर्दोष असल्याचा कागद दिला, नोकरी काही दिली नाही.

पण कान्होजीच्या पोटात सलत होतं ते निराळंच. खटल्याआधी चौकीत तीन दिवस त्याला उलटं टांगून मारलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या तोंडून निघून गेलं, ‘बायकोला विचारा. तिनं लपवलाय.’ मार थांबला. त्याला पाणी मिळालं, आणि ते तो घटाघटा प्याला. तिकडे शिपाई खासगी बाजार पेठेतल्या त्याच्या घरी गेले, चूल खणून काढली, त्याच्या बायकोला, दुर्गाला, चौकीत आणून सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बाकावर बसवलं आणि नको नको ते विचारलं.

दुर्गाला वाटलं, आपलं नाव सूर्याजीनं दिलं. सूर्याजी तिचा थोरला भाऊ, शहराच्या दुसऱ्या टोकाला मुरारला राहायचा. आदल्याच दिवशी तो मेव्हण्यासाठी हातापाया पडायला चौकीत जाऊन आला होता, आणि तिथला जमादार त्याच्या ओळखीचा होता. तिनं भावाचं तोंड बघायचं सोडलं. कान्होजी सुटून आल्यावरही पाच भाऊबिजा सूर्याजी लुगडं घेऊन दारात येऊन उभा राहिला. तिनं कडी काढली नाही. आत कान्होजी सुपारी कातरत बसलेला असायचा. ‘अगं, दार उघड’ एवढंसुद्धा त्याच्यानं म्हणवलं नाही. छप्पनच्या वैशाखात सूर्याजी गेला, आणि दुर्गा मयतीलाही गेली नाही.

त्याच साली भालचंद्राला कान्होजीच्या हकिगतीवर नाटक लिहायची हुक्की आली. हा भालचंद्र एका मोठ्या कचेरीतला कारकून. राजधानी भोपाळला जाणार म्हणून कचेऱ्याही तिकडे हलायच्या होत्या, त्याचाही बिस्तरा बांधायचा होता. जाण्यापूर्वी मंडळाच्या गणपतीत असं नाटक करून दाखवायचं, की ग्वाल्हेर याद रखेगा! कान्होजी हल्ली त्याच मंडळाचा मांडव बांधायचा आणि नाटकात पडदा ओढायचा.

“काका, तुम्ही निर्दोष होतात हे जगाला कळू दे,” भालचंद्र म्हणाला. कान्होजीला जगाचं काही पडलं नव्हतं. पण दुर्गाला पडलं होतं. हळदीकुंकवाला बायका अजून तिच्याकडे चोरून बघायच्या. म्हणून तो बोलायला बसला, आणि बोलता बोलता चौकीतला तिसरा दिवसही सांगून बसला. लगेच त्यानं हात जोडले. “हे एवढं नाटकात नको रे बाबा.”

“छे हो काका! मी काय कसाई आहे?”

तालमीत बघतो तर ते होतंच. कान्होजी रडकुंडीला आला. भालचंद्रानं त्याच्यासमोर त्या ओळीवर पेन्सिलीनं काट मारली. गरीब माणसाला तेवढं पुरतं.

रविवारी दुपारी चारला खेळ. ‘तू येऊ नकोस, गर्दी असते’ असं त्यानं दुर्गाला तीनदा सांगितलं होतं. ती कशाला ऐकते! ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत येऊन बसली, शेजारणींनाही ओढून घेऊन आली. “आज भर मांडवात आमच्यांना निर्दोष म्हणणार आहेत,” ती सांगत होती.

चौकीचा प्रवेश आला. कान्होजीचं काम करणारा गडी दोरीनं टांगलेला, पाठीला लाल रंग फासलेला. आत एक जण ओल्या पोत्यावर काठी हाणत होता. सपकन आवाज आला की गडी विव्हळायचा, आणि मांडवातले लोक शेंगा फोडता फोडता म्हणायचे, “बाप रे, क्या मारा है!” घाबरून नव्हे, चवीनं. शी! जेवणाच्या पंगतीत जिलबीला वाहवा करतात ना, तशी ती वाहवा. कान्होजी पडद्याची दोरी धरून उभा होता.

आणि टांगलेला गडी ओरडला, “बायकोला विचारा! तिनं लपवलाय!”

कान्होजीनं खाडकन पडदा ओढून घेतला.

मांडव दणाणला, “वन्स मोअर! वन्स मोअर!” गाण्याला देतात तो वन्स मोअर! ह्या लोकांनी तो एका माणसाच्या माराला दिला. भालचंद्र धावत आला. त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता.

“काका, उघडा! पब्लिक मागतंय!”

“तू खोडलं होतंस.”

“अहो, नाटक की जान तो वही है!” असं म्हणत त्यानं कान्होजीच्या हातातली दोरी हिसकली आणि स्वतः पडदा उघडला. पुन्हा पोत्यावर काठी. पुन्हा विव्हळणं, ह्या वेळी जास्तच रंगवून. पुन्हा ते वाक्य, आधीपेक्षा मोठ्यानं. कान्होजी विंगेतल्या बादलीत ओकला.

मान वर केली तर समोर दुर्गा. मागच्या कनातीतून आत आली होती.

“हे ह्या मेल्यानं रचलंय?”

“काकू, त्याचं असं आहे...” भालचंद्र मध्ये तोंड घालू लागला. तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“नाही,” कान्होजी म्हणाला. “खरं आहे.”

दुर्गा अगदी हळू आवाजात म्हणाली, “मारत होते म्हणून बोललात, ते समजलं मला. माराला कोण पुरं पडणार? पण पुढच्या पाच दिवाळ्या तुम्हाला कोण मारत होतं?”

ती तशीच बाहेर पडली आणि मुरारचा टांगा केला. कान्होजी न विचारता पुढं टांगेवाल्याशेजारी बसला. सूर्याजीच्या दारात राजलक्ष्मी, त्याची बायको, पांढऱ्या कपाळानं धान्य निवडत बसली होती. दुर्गानं तिच्यासमोर जाऊन नवऱ्याकडे बोट केलं. “सांगा तिला. तुमच्या तोंडानं सांगा.”

कान्होजीनं सांगितलं. खाली मान घालून, अडखळत, पण सगळं सांगितलं.

राजलक्ष्मीचा हात सुपातच राहिला. “आम्हाला ठाऊक होतं, वन्सं,” ती म्हणाली. “जमादारानं यांना तेव्हाच सांगितलं होतं. मी म्हटलं, मग सांगून टाका की बहिणीला. तर मलाच रागावले. म्हणाले, माझ्यावर रुसली तर तिचं काही अडत नाही, पण जन्म त्याच्याबरोबर काढायचाय तिला.”

दुर्गा वहिनीच्या मांडीवर डोकं टाकून हंबरडा फोडून रडली. कान्होजी पुढं झाला, त्यानं तिच्या खांद्याला हात लावला. तिनं तो अंग चोरून झटकला, अंगावर पडलेल्या पालीसारखा.

“तुम्ही जा,” ती म्हणाली. “मी भावाकडे राहते.”