शशी, माझी पाळी राहिली होती

आमच्या ऑफिसात आता बोलायला खोली बुक करावी लागते. मानवजातीवर झालेल्या अन्यायांत हा कुठेतरी नोंदवला जावा.

त्यात त्या खोलीचे दिवे फार मानी. आत कुणी हललं नाही की आपोआप बंद.

गुरुवारी मी अंधारात हात हलवत बसलो होतो.

एकटाच.

खोली एकट्यासाठीच बुक केली होती. लिहिलेला प्रोग्राम कुणाला तरी मोठ्याने सांगितल्याशिवाय मी पुढे पाठवत नाही. आणि ज्याला सांगायचो, तो शशी सोमवारी गेला.

ही खोड साकीनाक्याची. खाली लेथचं वर्कशॉप, वर पोटमाळ्यावर आमची 'सॉफ्टवेअर कंपनी'. माणसं दोन, कॉम्प्युटर एक. काळा स्क्रीन, हिरवी अक्षरं. खाली लेथ सुरू झाली की वर अक्षरं थरथरायची.

एकाने कीबोर्डवर बसायचं, दुसऱ्याने स्टुलावर. स्टुलावरच्याचं काम एकच. कळलं नाही की 'नाही कळलं' म्हणायचं. कीबोर्डवाल्याने न चिडता परत सांगायचं. मग जागा बदलायच्या.

मी चिडायचोच.

"झकास चालतंय ना? देऊ या ना पाठवून!"

"चालतंय ते दिसतंय रे. का चालतंय ते सांग."

"तुला काय करायचंय?"

"उद्या बंद पडलं की तू चहाला गेलेला असणार. शिव्या मी खाणार."

सांगता सांगता निम्म्या वेळा चूक माझी मलाच सापडायची. शशी नुसता कान खाजवायचा. ते जास्त लागायचं.

पुढे तो कॉम्प्युटर भंगारात गेला, पाठोपाठ कंपनीही. मी कांदिवलीला, तो कांजूरमार्गला. स्टुलाच्या जागी फोन आला, पण पाळी चुकली नाही. आधी त्याचं, मग माझं.

ऑफिसात आता कुणाला काही सांगायला गेलो की हेडफोन न काढता म्हणतात, "सर, चॅटवर टाका ना."

टाकतो. अंगठा येतो. कळलं का, हे अंगठ्याला विचारता येत नाही.

शशी गेल्याचं टाकलं, त्यावरही अंगठेच आले.

त्याचा शेवटचा फोन हॉस्पिटलमधून. त्याचं सांगून झालं, माझी पाळी आली आणि नर्स आली.

"तुझं राहिलं रे. उद्या सांग."

दुसऱ्या दिवशी फोन वहिनींचा आला.

काल शशीच्या घरी त्याचं पुण्यानुमोदन झालं. माणसं पांगली. वहिनींनी चहा आणून ठेवला.

"भावोजी, तुमचं काहीतरी ऐकायचं राहिलंय म्हणत होते. मला सांगता?"

"बोअर व्हाल वहिनी."

"इतकी वर्षं फोनवर नुसते ओरडायचे, नाही कळलं, नाही कळलं. मी दार लावून घ्यायचे, सीरियल ऐकू यायची नाही म्हणून. आता घरात आवाजच नाही. सांगा तुम्ही."

सांगितलं. दवाखान्याच्या नंबरांचा प्रोग्राम, अगदी पहिल्यापासून. एका पेशंटने नंबर रद्द केला तर पुढच्याला कसं कळवायचं, पुढचाही येणार नसेल तर काय करायचं. टीव्ही बंद होता. मी थांबलो की वहिनी "मग?" म्हणायच्या.

शेवटपर्यंत सांगितलं रे शशी. माझी पाळी झाली.

जय भीम, मित्रा.