दादाची कॅसेट आणि माझी तिसरी कादंबरी

१९९९ साली माझ्या मोठ्या भावाची एकुलती एक कॅसेट निघाली. दोन्ही बाजूंना मिळून आठ गाणी, कव्हरवर निळ्या कोटातला त्याचा फोटो, आणि आतल्या कागदावर गायन पार्टीतल्या सगळ्यांची नावं. सगळ्यांची म्हणजे माझं सोडून.

दादा गोंदियातल्या एका राईस मिलमध्ये हमाली करायचा आणि उरलेला वेळ गायचा. जयंतीच्या दिवसांत त्याची पार्टी तिरोड्यापासून देवरीपर्यंत फिरायची. त्याचा आवाज जाड होता, धानाच्या पोत्यासारखा भरलेला, आणि ठेक्याच्या बाबतीत तर तो माणूस घड्याळच होता. ढोलकीवाला चुकला तर गाता गाता दादा नुसती मान वळवायचा, ढोलकीवाल्याला घाम फुटायचा. मी त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. एका हायस्कुलात प्रयोगशाळेचा सहायक होतो, काचेच्या नळ्या धुवायचो, आणि सुट्टीच्या दिवशी त्याच्या मागे उभा राहून कोरस द्यायचो.

रेकॉर्डिंगसाठी आम्ही सातजण सकाळच्या गाडीनं नागपूरला गेलो. दुसऱ्या गाण्याच्या मध्येच दादानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "तू बाहेर जाऊन बस. तुझ्यानं सूर नासून राहिला." आवाजात राग नव्हता. चपला बाहेर काढ म्हणावं तसं म्हणाला. मी बाहेर जिन्यावर जाऊन बसलो, सगळ्यांच्या चपलांजवळ, संध्याकाळी पाचपर्यंत. दार जाड होतं. गाणं ऐकू येत नव्हतं. कोणी चहाला बाहेर आलं की दाराच्या फटीतून हसणं तेवढं ऐकू यायचं. परतीच्या गाडीत दादानं मला गरम भजी घेऊन दिली आणि स्वतःही खाल्ली. त्याच्या लेखी काही झालंच नव्हतं.

त्याच हिवाळ्यात मी पहिली कादंबरी लिहायला घेतली. मी का लिहू लागलो याची मोठमोठी कारणं मी पुढे लोकांना सांगितली. खरं कारण तो जिना होता.

पुढची काही वर्षं कॅसेट जिकडे तिकडे वाजत होती. पानठेल्यावर, सायकल दुरुस्तीच्या दुकानात, लग्नाच्या मांडवात. शाळेत पाहुणे आले की मुख्याध्यापक माझी ओळख गायकाचा भाऊ अशी करून द्यायचे. माझी पहिली कादंबरी कोणी छापली नाही. दुसरी छापली गेली आणि कोणी वाचली नाही. दादानं वाचायला घेतली होती, पण पंचविसाव्या पानावर त्यानं तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पन्नीचा तुकडा खूण म्हणून ठेवला आणि ती खूण तिथून कधी हलली नाही.

खर्ऱ्यानंच त्याचा घात केला. आधी आवाज बसला, मग गिळताना दुखायला लागलं. नागपूरला नेलं तेव्हा डॉक्टरांनी कॅन्सर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल म्हणून सांगितलं. दादानं डॉक्टरांना दोनदा विचारलं, बोलता नाही आलं तर चालेल, पण गाता येईल का. डॉक्टर तरुण होते. त्यांना तो प्रश्नच कळला नाही. ऑपरेशन झालं, त्यानंतर महिनाभर रेडिएशनचे शेक दिले, आणि माझा भाऊ गळ्याला एक भोक घेऊन घरी आला. त्या भोकातून तो श्वास घ्यायचा. बोलायचं असलं की पाटीवर लिहायचा.

गोंदियाजवळ मुर्रीला आमचं घर दोन खोल्यांचं. आईवडील गेलेले, माझं लग्न झालेलं नव्हतं, दादा-वहिनीला मूलबाळ नव्हतं. एका खोलीत मी, दुसरीत ते दोघं. मधली भिंत पुरुषभर उंच, वर कवेलूच्या छपरापर्यंत सगळं मोकळं. तिकडे कोणी कूस बदलली तरी इकडे कळायचं. वहिनी सकाळी सातला कामाला जायची, धानाच्या रोवणीच्या दिवसांत शेतातल्या बांधीत, एरवी मिलमध्ये. माझी शाळा अकराची. म्हणजे सात ते साडेदहा दादाला सांभाळायचं काम माझं. त्याच्या गळ्यातली नळी काढून मी उकळत्या पाण्यात साफ करायचो, भोकाभोवती कापसानं पुसायचो, नाकातल्या नळीतून पेज द्यायचो. हे सगळं मी नीट केलं. त्याबद्दल मला कोणी नावं ठेवू शकत नाही. पुढचं वाचताना तेही लक्षात ठेवावं म्हणून सांगतो.

हे सगळं आटोपलं की मी माझ्या खोलीत येऊन लिहायला बसायचो. तिसरी कादंबरी सुरू झाली होती. आवाज गेलेल्या गायकाची. कोणाची ते सांगायला नको. लिहिताना मला त्याचा आवाज हवा होता, कारण जे गेलं ते ऐकल्याशिवाय गेल्याचं दुःख कागदावर उतरत नव्हतं. म्हणून मी टेपरेकॉर्डरवर दादाची कॅसेट लावायला लागलो.

पहिल्याच दिवशी मी पुन्हा पेज द्यायला गेलो तेव्हा त्यानं पाटी पुढे केली. लिहिलं होतं, 'कायले लावून राहिला?'

मी म्हणालो, "लिहायला लागते, दादा."

त्यानं पाटी हातानं पुसली आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर रोज दोन-अडीच तास कॅसेट वाजायची. एक बाजू संपली की मी उठून दुसरी लावायचो. भिंतीपलीकडे त्याच गळ्याचा माणूस पडलेला, आणि इकडे तो गळा तान घेतोय. मला लिहायला इतकं छान कधीच सुचलं नव्हतं. आठ-आठ पानं व्हायची. बिरसीच्या विमानतळाकडून शिकाऊ विमान घरावर घिरट्या घालायला आलं की गाणं बुडायचं, मग मी आवाज वाढवायचो.

चौथ्या-पाचव्या दिवशी पलीकडून खाटेच्या फळीवर बोटं आपटल्याचा आवाज यायला लागला. टक टक, टक टक टक. मी पेन खाली ठेवून ऐकत राहिलो. दादा ठेका देतो आहे असं मी ठरवलं. लगेच लिहून काढलं की त्याचा आवाज गेला होता, पण बोटांमध्ये गाणं शिल्लक होतं, आणि भिंतीपलीकडून तो स्वतःच्याच आवाजाला साथ देत होता. त्या परिच्छेदाचं पुढे फार कौतुक झालं. तो वाचून रडल्याची पत्रं मला आली.

भादव्यात एके दिवशी वहिनीच्या पायात काच गेली म्हणून ती नऊ वाजताच बांधीतून परत आली. फडकं गुंडाळलेल्या पायानं ती दारात उभी राहिली. कॅसेट वाजत होती, पलीकडे बोटं आपटत होती. ती आधी आत गेली, मग माझ्या खोलीत आली. मी तिला सांगायला गेलो की ऐक, दादा कसा ठेका देतो आहे.

"ते ठेका देऊन नाही राहिले, भाऊजी," ती म्हणाली. "बंद करा म्हणून आपटून राहिले."

मग तिनं सांगितलं की रोज ती कामावरून आली की तो पाटीवर एकच गोष्ट लिहितो, मला मिलमध्ये घेऊन चल, तिथं पोत्यावर पडून राहीन. तिला वाटायचं घरात कंटाळतो म्हणून म्हणतो.

मी टेप बंद केला. वहिनी पाय ओढत आत गेली.

मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकतो, आणि बरीच वर्षं स्वतःशी तेच म्हणत आलो. पण ती बोटं ठेक्यात नव्हती. जो माणूस आयुष्यात एक मात्रा चुकला नाही त्याची बोटं गाण्याच्या पार बाहेर पडत होती, वेडीवाकडी, कुठंही. ते माझ्या कानांना पहिल्या दिवशीच कळलं होतं. सूर नासत असेल माझा, पण ठेका मला कळत होता. कादंबरीत मी तो नीट करून घेतला.

याहून वाईट पुढे आहे. दोन दिवस मी कॅसेट लावली नाही, आणि दोन दिवस एक ओळ सुचली नाही. तिसऱ्या दिवशी वहिनी लंगडत कामाला गेली आणि मी टेप पुन्हा सुरू केला. आवाज कमी ठेवला. गोंदियाच्या बाजारात कानाला लावायचे इयरफोन सहज मिळत होते. शाळेत जाता-येता ते दुकान मला रोज दिसायचं. मी घेतले नाहीत. पलीकडे त्याला ऐकू जात नसतं तर मला लिहिता आलं असतं की नाही, याचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. त्यानंतर बोटं एकदाही वाजली नाहीत. दादानं हे वहिनीलाही सांगितलं नाही. तीन आठवड्यांनी कादंबरीतलं ते प्रकरण लिहून पुरं झालं तेव्हा मी आत जाऊन त्याची नळी साफ केली, आणि त्या दिवशी त्यानं माझ्याकडे बघायचं टाळलं नाही. नीट, बराच वेळ बघितलं. मीच खाली बघत होतो.

हळूहळू तो सावरला. नाकातली नळी निघाली, तो अंगणात फिरायला लागला, मिलच्या फाटकावर चौकीदारीचं काम मिळालं. दोन वर्षांनी कादंबरी छापून आली. पहिली प्रत मी त्याच्या हातात दिली. ही त्यानं वाचली. चार दिवस उन्हात खाट टाकून, ओळीवर बोट ठेवून, शेवटपर्यंत. वाचून झाल्यावर त्यानं मला बोलावलं आणि पाटीवर लिहिलं, 'याच्यात तू कुठी आहेस?'

कादंबरीतल्या गायकाला भाऊ नव्हता. भिंतीपलीकडे कोणीच नव्हतं. कॅसेट आपोआप वाजत होती. मी म्हणालो की कादंबरीत सगळंच खरं नसतं. त्यानं नुसती मान वळवली, जशी चुकलेल्या ढोलकीवाल्याकडे वळवायचा.

पुस्तकाला नागपूरच्या एका संस्थेचं बक्षीस मिळालं, तेव्हा गोंदियातल्या काही मंडळींनी माझा सत्कार ठेवला. शाळेच्याच सभागृहात, दुपारी चारला. दादालाही मंचावर बसवायचं असा आयोजकांचा आग्रह होता, आणि मागे त्याची कॅसेट वाजवायची त्यांची कल्पना होती. कॅसेट मीच नेऊन दिली. दादा यायला तयार होणार नाही असं वाटलं होतं. तो आला. पांढरा सदरा, गळ्याला रुमाल. वहिनी पहिल्या रांगेत बसली.

त्याला शाल दिली, गाणं मंद आवाजात लावलं, टाळ्या झाल्या. सूत्रसंचालकाला बोलण्याच्या ओघात भान राहिलं नाही. "अब दादा दो शब्द बोलेंगे," म्हणत त्यानं माईक पुढे केला, आणि मग जीभ चावली. मागच्या रांगांत कोणीतरी हसलं. दादानं माईक घेतला. दुसऱ्या हातानं गळ्याचा रुमाल सोडला आणि माईक त्या भोकाला लावला.

दोन्ही स्पीकरमधून त्याचा श्वास ऐकू आला. ओल्या पाइपातून हवा ओढावी तसा. एकदा, दोनदा, चारदा. मागे त्याचंच गाणं चालू होतं, कोणालातरी सुचलं आणि ते बंद केलं, मग नुसता श्वास उरला. पहिल्या रांगेतली एक बाई लेकराला घेऊन बाहेर गेली. तो पूर्ण वेळ माझ्याकडे बघत होता. मग त्यानं माईक पुसला, काळजीनं स्टँडवर परत लावला, शाल खुर्चीवर ठेवली आणि खाली उतरला. वहिनी उठली. दोघं मधल्या वाटेनं चालत बाहेर गेले.

त्यानंतर माझं भाषण होतं. मी वीस मिनिटं बोललो. चांगलं बोललो.

आठवडाभरात ते दोघं घर सोडून वहिनीच्या माहेरी राहायला गेले, नागझिऱ्याच्या बाजूच्या एका खेड्यात. जाताना वहिनीनं माझ्यापुरता दोन वेळचा भात रांधून ठेवला होता. मी तिथं दोनदा गेलो. दोन्ही वेळा दादा जंगलाकडे गेला आहे असं तिनं सांगितलं, आणि दोन्ही वेळा आतल्या खोलीतून मला तो श्वास ऐकू येत होता. तिलाही ठाऊक होतं की मला ऐकू येतो आहे. पाणी पिऊन मी परत फिरलो.

तो गेल्याचं मला जुन्या ढोलकीवाल्यानं रेल्वे स्टेशनबाहेर सांगितलं. तोवर पाच दिवस होऊन गेले होते. मी तिथूनच बस धरली. वहिनी ओसरीवर धान पाखडत बसली होती. मला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं, चटई टाकली, चहा केला. कसा गेला ते थोडक्यात सांगितलं. पहाटे श्वास अडकला, दवाखान्यात न्यायला जीप मिळेपर्यंत खेळ संपला होता. मी विचारलं, मला काऊन नाही कळवलं.

"त्याईनंच लिहून ठेवलं होतं," ती म्हणाली. "त्याले बलावू नका. तो रडन नाही, पाहून राहीन."

हे सांगताना ती चिडलेली नव्हती. तिनं मला आणखी चहा विचारला, मी नको म्हणालो. परतीची बस साडेचारला होती, तिनं वेळेची आठवण करून दिली आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

बसथांब्यावर झाडाखाली मी एकटाच होतो. पिशवीत वही होती. बस यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात मी तिचं सगळं बोलणं, शब्द न बदलता, उतरवून घेतलं. पाखडताना तिचा उजवा अंगठा सुपाच्या काठावर कसा वाकत होता, तेही.