कुंपणाला टेकलेल्या सायकली

लेकीकडे इंग्लंडला आलो की संध्याकाळी शेजारच्या म्हाताऱ्या बाईंबरोबर गव्हाच्या शेतातून फिरायला जातो. शेताच्या मधोमध काँक्रीटचा एक भेगाळलेला पट्टा आहे. दुसऱ्या महायुद्धात इथून बॉम्बफेकी विमानं उडायची. जाताना वैमानिक पोरं आपल्या सायकली शेताच्या या कुंपणाला टेकवून ठेवायची. जो परत येईल त्याने आपली न्यायची. उरलेल्या सायकलींना गावात कुणी हात लावत नसे.

"आई मात्र रोज सकाळी त्यांच्या सीटवरचं दव पुसायची," बाई म्हणाल्या. "पोरं आली की ओल्यावर बसायला नको, म्हणायची."

साताऱ्याला आमच्या पार्किंगमध्ये लेकीची स्कूटी उभी आहे. लेक आता इथलीच झाली, हे मला कळतं. तरी घरी असलो की रोज सकाळी मी सीट पुसून ठेवतो.