हणमंतदादाचा बंगाली कोबी

हणमंतदादा गेल्याचे सांगायला भावकीतला शंकर साताऱ्याला आला, तेव्हा दारातच म्हणाला, "दादा गेला रं... पर हिरीत एक पान न्हाई बघ!" मी रडता रडता हसलो. महिना झाला, अजून त्याची आठवण निघाली की माझे तसेच होते.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर फौजेत हवालदार असलेला माझा हा चुलतभाऊ बंगालमधून उंब्रजजवळच्या आमच्या गावी परतला. बाकीच्यांनी घड्याळे आणली, घोंगड्या आणल्या. दादाने पत्र्याच्या लष्करी मगात एक रोप आणले. तकतकीत पाने, फुगीर देठ, जांभळे फूल. वहिनीला फुलांचे वेड. वाटेत स्वतःच्या वाटचे पाणी त्याला पाजून गडी कोरड्या घशाने मिरजेच्या गाडीतून उतरला. नाव विचारले, तर "बंगाली कोबी" असे ठोकून दिले आणि रोप भावकीच्या सामायिक विहिरीत सोडले.

पावसाळा सरेपर्यंत विहीर दिसेनाशी झाली. शंकरची म्हैस हिरवे रान समजून थेट आत गेली. तिला वर काढायला अर्धा गाव लागला. मोटेत पाण्याऐवजी पाला येऊ लागला. शेतातली हराळी आम्ही उपटून उन्हात वाळवतो, पण हे पाण्यातले म्हणून दादाने तोडून तोडून ओढ्यात सोडले. पंधरवड्यात खालच्या गावचे दहाजण काठ्या घेऊन हजर. "आवं हवालदार, तुमच्या कोबीच्या एकेका तुकड्याला पिल्लं व्हत्यात! आमचा बंधारा भरला की!"

भावकी बसली. विहिरीत पान दिसले, तर दादाची पाण्याची पाळी बंद... म्हणजे त्याचा ऊस वाळलाच. सर्वांत मोठ्याने मीच बोललो होतो. त्याचे आता फार वाईट वाटते. कारण पुढे रोज सकाळी दादा दोराने विहिरीत उतरायचा, बोटभर तुकडाही वेचून वर आणायचा, वाळवून जाळायचा. गाळातल्या बियांतून पुन्हा फुटायचे. हा पुन्हा उतरायचा. "बर्मात दुस्मन दिसत तरी हुता गड्या," म्हणायचा.

तेराव्याला मी परसात हात धुवायला गेलो. न्हाणीमागे, उपड्या टोपलीआड तोच पत्र्याचा मग... आणि त्यात जांभळे फूल. वहिनी मागे उभी होती.

"भाऊजी, भावकीला सांगू नगा. हिरीवनं आलं की हे आदी ह्येला पानी घालायचे, मग च्या प्यायचे."

मी तांब्याने मग काठोकाठ भरला. एक पिवळे पान सुटून बाहेर पडले होते. ते उचलून न्हाणीच्या पेटत्या चुलीत टाकले आणि पुरते जळेपर्यंत मी तिथून हललो नाही.